बिनफुंकरीचा ट्रम्पेट

पन्नाशीनंतर माणसाला एकतर गुडघे छळतात, नाहीतर छंद. माझे गुडघे शाबूत आहेत, म्हणून मी अरेंजर की-बोर्ड घ्यायला निघालो. अरेंजर म्हणजे डाव्या हातानं कॉर्ड दाबली की ड्रम, बेस, गिटार अशी अख्खी मंडळी आपल्या मागं साथीला उभी राहतात. मानधन मागत नाहीत, चहासुद्धा पीत नाहीत. माझी अट एवढीच, की त्यातला ट्रम्पेट ट्रम्पेटसारखा वाजावा आणि जॅझ जॅझसारखं.

"अहो, छत्रपती संभाजीनगरात जॅझ कोण ऐकतं?" घरातून विचारणा झाली. पण इतिहास माझ्या बाजूनं होता. शेजारच्या जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी, १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट आणि त्याच्या बँडला घेतलं. हा ट्रम्पेटवाला मूळचा गोव्याचा. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, पण मुंबईत तो हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजला. त्याच चित्रपटातल्या भगवानदादांच्या नाचाच्या ढंगात गेली सत्तर वर्षं जो महाराष्ट्र वरातीत नाचतोय, तो जॅझच्या ब्रासवरच नाचतोय. त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही, एवढंच.

दुकानात गेल्यावर कळलं, की भारतीय गिऱ्हाइकांसाठी तबला-सतारीचे आवाज आणि इथले ताल भरलेले वेगळे की-बोर्ड मिळतात. दुकानदाराचा आग्रह त्यांचाच. "साहेब, आरतीला एकदम बेस्ट!" मी पुढं सरकलो. पुढं यामाहाची पीएसआर-एसएक्स मालिका, कॉर्गची पीए मालिका आणि वाढत जाणारे किमतीचे आकडे.

आकडे का वाढतात, त्याला कारण आहे. साध्या की-बोर्डात ट्रम्पेटचे मोजकेच नमुने ध्वनिमुद्रित करून सगळ्या पट्ट्यांवर ताणलेले असतात. जोरात दाबलं तर आवाज नुसता मोठा होतो. खऱ्या ट्रम्पेटचा सूर जोर वाढला की तळपतो, धारदार होतो. महागड्या वाद्यांत हळू फुंकीचा नमुना वेगळा, जोरकस फुंकीचा वेगळा, एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचा वेगळा. सूर सोडताना खाली ढासळणारा ‘फॉल’ही मिळतो. यामाहानं हे तंत्र २००५च्या टायरॉस-२ मध्ये ‘सुपर आर्टिक्युलेशन’ या नावानं आणलं. कॉर्ग त्याला ‘डीएनसी’ म्हणतं. शिवाय सॅक्सोफोन पितळेचा असूनही ब्रासमध्ये मोडत नाही, कारण त्याचा सूर ओठांच्या थरथरीतून नाही, पातीच्या थरथरीतून निघतो. ही माहिती मी दुकानदाराला ऐकवली. त्यानं डिस्काउंट दिला नाही.

दिवस लग्नसराईचे. मी बंद काचेआड लाखाच्या पुढचं पितळ तपासत होतो आणि खरं पितळ घाम गाळत पैठण गेटाकडून गुलमंडीकडं जात होतं. त्या वरातीच्या बँडच्या गाडीवर मधोमध काय विराजमान होतं? की-बोर्ड! बँडवाल्यांना की-बोर्ड हवा आणि की-बोर्डवाल्याला बँड.

मी त्यातल्या एका बुजुर्ग ट्रम्पेटवाल्या चाचांना गाठलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन गेलो. सगळ्यात महागडा की-बोर्ड लावला, बिग बँडची स्टाईल सुरू केली आणि दोन्ही हातांनी तुटून पडलो. चाचांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"बाजा तो जबरदस्त है साहब," ते म्हणाले, "मगर ये सांस कब लेता?"

दुकानदारानं तत्परतेनं माहितीपुस्तक उघडलं. अनुक्रमणिकेत सांस नव्हती.

मग चाचांनी मला जागा अडवून ठेवणारे जादा सूर गाळायला लावले. ट्रम्पेट एका वेळी एकच सूर देतो, तुम्ही मूठभर पट्ट्या दाबल्या तर तितकेच ट्रम्पेटवाले बोलवावे लागतील, हे त्यांचं गणित बिनतोड होतं. ओळ आधी तोंडानं म्हणा, जिथं दम संपेल तिथं बोट उचला, एवढीच त्यांची तालीम. तशी ओळ वाजवली आणि मधल्या किमतीचा की-बोर्डही माणसासारखा बोलायला लागला. मी तोच घेतला. घरी त्याच्या किमतीवर मत पडलं, "एवढ्यात बँडवालाच पगारी ठेवता आला असता!" या मुद्द्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

तेव्हा वाचकहो, की-बोर्ड घ्यायला गेलात तर डेमोचं बटण दाबू देऊ नका. ते वाजवणारा माणूस खोक्यातून घरी येत नसतो. ट्रम्पेटचा एकच सूर आधी हळू, मग जोरात दाबून ठेवा आणि त्याचा रंग बदलतो का ऐका. जॅझची स्टाईल लावून तिचे अर्ध्या मात्रेचे सूर डुलतात का पाहा. जोडीतला पहिला लांब, दुसरा आखूड हवा; दोन्ही सारखे पडले तर ती कवायत समजा. एवढं जमणाऱ्या वाद्यांतलं खिशाला झेपेल ते घ्या, कारण सर्वांत महाग असलं तरी दम तुमचाच लागणार आहे. आणि घरात लग्न असेल, तर कृपा करून बँड सांगा.