चढणीचा मासा

नार्वे–दिवाडी फेरीबोटीवरच्या खलाशाने पाचव्या खेपेला माझा दंड धरून मला कठड्यापासून आत घेतले आणि हळू आवाजात विचारले, “पात्रांव, घरा सगळें बरें मरे?”

घरी सगळे बरे होते. फोनमध्ये पाच किलोमीटरचे अंडे होते, एवढेच. पोकेमॉन गोमधली अंडी चालून उबवायची असतात, आणि तुम्ही ताशी साडेदहा किलोमीटरच्या वर गेलात तर खेळ त्याला चालणे मानत नाही. म्हणजे स्कूटर बाद. कदंब बस बाद. चढावर तिची गती माणसात येते खरी, पण तेवढे चढ डिचोलीहून म्हापशापर्यंत नाहीत. फोन छताच्या पंख्याला बांधणारे लोकही जगात आहेत, पण आमचा पंखा डळमळतो. उरली फेरीबोट. पायी माणसाला फुकट, चाल संथ, वर मांडवीचा वारा. हा शोध माझा स्वतःचा असल्यामुळे मी तो खलाशाला सविस्तर समजावून सांगितला. ऐकून त्याचा संशय गेला नाही, नुसता बदलला. पुढच्या खेपेला त्याने मला कठड्याला खुशाल टेकू दिले.

खेळ मला भाच्याने दिला. १४ डिसेंबर २०१६ रोजी तो भारतात रीतसर आला, जिओचे फुकट सिम तेव्हा घरोघर होते, आणि नाताळच्या सुट्टीत भाच्याने माझ्या फोनवर तो घालून दिला. भाचा महिन्याभरात कंटाळला. मी कंटाळलो नाही, कारण मी सरकारी नोकर आहे. एलडीसीचा यूडीसी व्हायला मला चौदा वर्षे लागली, आणि त्यात माझ्या कर्तबगारीपेक्षा पुढच्या तिघांच्या निवृत्तीचा वाटा मोठा. इथे सोमवारी सातवी पातळी, शुक्रवारी अकरावी. बढतीचा आदेश हातातल्या हातात, वर बक्षीस, आणि कोणी पेढे मागायला येत नाही. त्या काळी चाळीस ही शेवटची पातळी होती आणि तिथपर्यंत दोन कोटी एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागत. निवृत्तीला किती वर्षे उरली ते मला ठाऊक होते. मी भागाकार केला आणि एक वही घातली.

ती वही आजही आहे. ऑफिसातल्या आवक-जावक रजिस्टरसारख्या आखलेल्या रकान्यांची. पिजी नावाचे एक तपकिरी पाखरू असते, कुठेही मिळणारे, आपल्या होल्यासारखे. ते पकडले की तीन कँड्या, परत पाठवले की आणखी एक. बारा कँड्या झाल्या की एक पिजी इव्हॉल्व होते आणि तेव्हा त्याचे पाचशे एक्सपी मिळत. लकी एग फोडले की पुढचा अर्धा तास सगळे दुप्पट. म्हणून शहाणा माणूस महिनाभर एकही पाखरू इव्हॉल्व करत नाही. साठ जमवतो, मग अंडे फोडतो आणि अर्ध्या तासात साठच्या साठ उरकतो. साठ हजार. मुळगावपासून साखळीपर्यंत हा हिशेब माझ्याइतका चोख कोणाचाच नव्हता, अशी माझी खात्री होती. या पट्ट्यात हा हिशेब करणारा दुसरा कोणी होता का, याची चौकशी मी कधी केली नाही.

पहिली साठ जमली आणि मेहुण्याकडे साखळीला सत्यनारायण निघाला. भटजी तिसऱ्या अध्यायात होते, म्हणजे निदान अर्धा तास माझा, असे गृहीत धरून मी पडवीत जाऊन अंडे फोडले. भटजींना त्या दिवशी आणखी दोन पूजा होत्या. चौथा आणि पाचवा अध्याय त्यांनी ज्या वेगाने उरकला, त्या वेगाने पिजी इव्हॉल्व झाली असती तर मी आज कुठच्या कुठे असतो. आरतीला सगळे उभे. उजव्या हाताने मांडीवर टाळी, डाव्या हाताने खिशातल्या खिशात पाखरे. ‘जय देव जय देव’ला बायकोने माझ्या खिशाकडे पाहिले. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागलो. एक्केचाळीस झाली होती. उरलेल्या एकोणीस पाखरांचे एकोणीस हजार एक्सपी मी सत्यनारायणाला अर्पण केले, असे वहीत लिहिलेले आहे.

मग मॅजिकार्प आला.

मॅजिकार्प हा मासा, आणि गोंयकाराला मासा दाखवला की त्याचे डोके एकाच दिशेने चालते. खेळातल्या इतर कोणत्याही प्राण्याविषयी मी तसा विचार केला नाही (फारफेच्डविषयी केला, ते बदक स्वतःच हातात पात घेऊन येते). मॅजिकार्प लाल, गोल, तोंड सदा उघडे, वर मिशा. मिशांवरून तो शिंगाळ्याच्या भावकीतला वाटतो. डोके मोठे, म्हणजे हुमणात बरा. पण कार्प पडला गोड्या पाण्यातला, त्याला मातीचा वास येणार. तिरफळे सढळ हाताने घालावी लागणार, सोले दोन जास्त. तळायचा तर खवले जाडजूड, आदोळीचीच धार जायची. कार्टूनमधल्या मिआउथ नावाच्या मांजराने त्याला एकदा चावून पाहिले तर दाताला दणका बसला; अंगात खवले आणि हाडे, दुसरे काही नाही. मांजराने नाकारलेला मासा पेडण्याच्या गुरुवारच्या बाजारात कोण घेणार? घेणारे भेटतात, हेही खरे. १९९६ साली जपानात निघालेल्या मूळ खेळात माउंट मूनजवळ एक गृहस्थ हाच मासा पाचशेला गळ्यात मारतो, आणि पैसे परत मिळत नाहीत. त्या माणसाला मी ओळखतो. म्हापशाच्या बाजारात तो मानकुराद म्हणून भलताच आंबा देतो.

या माशाला सुरुवातीला एकच विद्या येते, स्प्लॅश. उडी मारायची आणि पडायचे. खेळ प्रामाणिकपणे लिहून दाखवतो की काहीही झाले नाही. लढाईत इतका निरुपयोगी प्राणी नाही. पण त्याला वाढवत नेले की त्याचा गॅराडॉस होतो, जबडा वासलेला निळा अजस्र नागच. यामागे चिनी दंतकथा आहे. पिवळ्या नदीतला कार्प प्रवाहाविरुद्ध धबधबा चढून गेला की ड्रॅगन होतो. मूळ खेळात त्याला वाढवायची युक्ती आमच्या खात्यातल्या युक्तीसारखीच आहे: त्याला आधी पुढे करायचे, लगेच मागे घ्यायचे, लढाई दुसऱ्याने मारायची आणि अनुभव दोघांत निम्मा-निम्मा. असे वर चढलेले तिघे तरी माझ्या माहितीत आहेत. त्यातले दोघे आज माझे साहेब आहेत.

पोकेमॉन गोमध्ये ती सोय नाही. तिथे गॅराडॉस करायला चारशे कँड्या. पिजीला बारा, याला चारशे. मासा पकडला तर तीन मिळतात, नाहीतर त्याला आपला सोबती नेमायचा आणि एक किलोमीटर चालल्यावर एक कँडी. फेरीबोटीचा हिशेब मी मांडून पाहिला आणि खलाशाचा चेहरा डोळ्यांपुढे येऊन वही मिटली.

त्याच सुमारास बाबा पेडण्याहून आमच्याकडे डिचोलीला राहायला आले. आई गेल्यावर मोठ्या घरात एकटे राहणे जमेना. डॉक्टरांनी रोज एक किलोमीटर चालायला सांगितले. बाबा चालेनात. जन्मभर शेतात चाललेल्या माणसाला कामावाचून चालणे म्हणजे बिनकामाच्या माणसांचे चोचले वाटत. मी रागावलो, बायकोने समजावले, भाच्याने हृदयाचे चित्र काढून दाखवले. शेवटी एक दिवस मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि म्हटले, या माशाला रोज हिंडवावे लागते, तरच तो वाढतो.

बाबांनी चष्मा लावला. मासा पाहिला. “ताका किदें घालतात?”

“किलोमीटरला एक गोळी.”

“मागीर चल तर,” म्हणाले आणि काठी घेतली. गुरांना हिंडवायला नेतातच. नुस्त्याला न्यायचे, यात त्यांना काही खटकले नाही.

माझ्या कार्यक्षमतेचा अंत तिथे झाला. बाबांच्या चालीने एका किलोमीटरला पाऊण तास. बुधवारी बाजारामुळे दीड. बाबा प्रत्येक टोपलीपुढे थांबत, बांगड्याचे कल्ले वर करून बघत, भाव विचारत, घेत काहीच नसत, आणि थांबलेल्या माणसाचे मीटर खेळ मोजत नाही. तेवढ्या वेळात मी किती पिजी पकडली असती याचा आकडा सुरुवातीला मी वहीत लिहीत असे. रात्री जेवताना बाबा रोज तोच प्रश्न विचारत, “वाडलें मरे तुजें नुस्तें?” मी सांगे, त्रेसष्ट. मी सांगे, एकशे दोन. एकदा मी एकशे चाळीस म्हणालो तर त्यांनी दुरुस्त केले, “काल एकशेंचाळीस जाल्लीं.” वही कधी बंद पडली ते वहीत लिहिलेले नाही.

मृगाच्या पहिल्या पावसात ते म्हणाले, गावात चल, चढणीचे मासे बघू.

चढणीचे मासे म्हणजे काय हे पेडण्यात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. पहिला जोराचा पाऊस पडला, शेतातले पाणी खळखळत व्हाळात उतरले, की व्हाळातले मासे त्या पाण्याविरुद्ध उलटे शेताकडे चढतात, अंडी घालायला. माझ्या लहानपणी त्या रात्री अख्खा वाडा पेटती चुडते घेऊन व्हाळावर असे. बाबांच्या एका हातात कोयती, दुसऱ्या हातात माझी मान. मी घसरू नये म्हणून ते मला मानेला धरत. घरी आणलेल्या माशांची पोटे अंड्यांनी गच्च भरलेली असत. ती मिटक्या मारत खाल्ली, हे इथे लिहिणे भाग आहे.

आता त्या जागी रस्ता रुंद झाला आहे, वर डोंगर कापून प्लॉट पाडले आहेत, आणि व्हाळ सिमेंटच्या मोरीतून जातो. मोरीचे तोंड खालच्या पाण्यापासून कमरेइतके उंच. आम्ही दोघे एका छत्रीत उभे राहिलो. पाणी लाल, कापलेल्या डोंगराच्या मातीचे. त्यातून बोटाएवढा मासा उडाला, सिमेंटवर आपटला, पडला. दुसरा उडाला, पडला. मग तोच पुन्हा, की तिसरा कोण जाणे. आवाज येत होता तो ओला हात फरशीवर मारल्यासारखा. एकही वर गेला नाही. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होते. त्यांच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि ते पुसत नव्हते. मोरी बांधताना दोन पायऱ्या सोडल्या असत्या, चार दगड रचले असते, तर काय बिघडले असते? हे मी ज्याला विचारायला हवे त्याच्यासारख्याच खुर्चीवर बसून पगार घेतो. त्या फायली आवक-जावकमध्ये चढवणारा हात कोणाचा असतो, ते मला चांगले ठाऊक आहे.

सातोशी ताजिरी, ज्यांनी हा खेळ रचला, त्यांना लहानपणी किडे पकडायचा नाद होता. टोकियोजवळच्या माचिदात ते वाढले. तिथली डबकी आणि शेते बुजून घरे-दुकाने आली, आणि नंतरच्या मुलांना निदान खेळात तरी काहीतरी पकडता यावे म्हणून पोकेमॉन झाला. हे मी बाबांना परतीच्या वाटेवर सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे तांगेलो व्हाळ लेगीत गेलो.” पुढे डिचोलीपर्यंत बोलले नाहीत.

शंभरेक कँड्या मी मयेच्या तळ्यावर मासे पकडून मिळवल्या, उरलेल्या तीनशे बाबांच्या चालीने. चारशे पुऱ्या झाल्या तेव्हा पुढची गणेश चतुर्थी आली होती. माटोळी बांधून झालेली, घरात सगळी भावकी, भाचाही आलेला. मी सगळ्यांना बोलावले. मेहुण्यालाही, कारण त्या एकोणीस पाखरांचा हिशेब माझ्या डोक्यात अजून बाकी होता. बाबांना खुर्ची दिली. बटण बाबांनीच दाबले. मासा पांढऱ्या उजेडात विरघळला, ताणला, वळला आणि जबडा वासून गॅराडॉस उभा राहिला. पोरे ओरडली. मी कोणाकडेही न बघता सगळ्यांची तोंडे बघितली.

भाच्याने फोन हातात घेतला. “मामा, याचा सीपी पन्नाशीच्या आत कसा?” सीपी म्हणजे लढाईतली ताकद.

मी म्हटले, पन्नाशीच्या आत म्हणजे?

“तू सीपी दहाचा मॅजिकार्प घेतलेलास? दहाच्या खाली सीपी नसतोच, मामा. सगळ्यात कच्चा! हा आता पिजीकडूनही मार खाणार. एवढा चालण्याआधी एकदा बघायचं तरी!”

दोन वर्षे वही, रकाने, भागाकार. आणि पहिल्याच दिवशी हाताला लागला तो मासा मी उचलला होता. मेहुणा हसला. बायको हसली नाही, पण तिने माझ्या खिशाकडे पाहिले.

बाबांचे सीपीकडे लक्ष नव्हते. त्यांनी फोन परत आपल्याकडे घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “तोंड व्हड जालें,” म्हणाले. मग जरा वेळाने, “आतां फाल्यां कोणाक घेवन वचपाचें?”

मी यादी उघडली. मॅजिकार्प आणखी होते, धडधाकट सीपीचे. पिकाचू होता, किलोमीटरला एक. त्याखाली ड्रॅटिनी नावाची एक बारीक निळी अळीवजा मासोळी होती: पाच किलोमीटर चालल्यावर एक कँडी, आणि शेवटच्या रूपापर्यंत न्यायला एकशेपंचवीस. सहाशेपंचवीस किलोमीटर. मी ती बाबांना दाखवली.

त्यांनी चष्मा लावला. “हें बारीक आसा,” म्हणाले आणि काठी कुठे आहे ते विचारू लागले. बाहेर पाऊस होता. मी छत्री शोधायला उठलो.