सहावा गठ्ठा

निवृत्त मास्तर गावात रिकामा फिरताना दिसला की लोकांना त्याची कीव येते आणि ते त्याला कुठल्या तरी संस्थेचा मानद सचिव करून टाकतात. धर्मापुरीत माझंही तेच झालं. संस्था म्हणजे एक वाचनालय. नाव सांगत नाही. माझ्यापायी झाली तेवढी तिची शोभा पुरे. पुस्तकांची चार कपाटं, कागदांचं एक, आणि या पाचही कपाटांची खडान्‌खडा माहिती ज्यांच्या टोपीखाली होती ते आमचे शिपाईमामा. जुनी बिलं मागा, मामा न बघता हात घालून काढणार. अनुदानाचं पत्र मागा, खुर्चीच्या उशीखालून हजर. प्रोसिडिंग बुक मागा, ते घड्याळामागे. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मला ते बघवेना.

त्याला कारण होतं. मी नुकताच अंबाजोगाईला दप्तर व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. तिथे सांगितलं, संस्थेची माहिती माणसाच्या डोक्यात ठेवू नका. माणूस रजेवर जातो, आजारी पडतो, रुसतो. शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना या जिल्हाधिकाऱ्यांनी कचेरीतले धूळ खात पडलेले कागद निवडले, त्यांची वर्गवारी केली, मागितलेला कागद हाताशी येईल अशी मांडणी केली, आणि तो ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. सरकारी दप्तराची सहा गठ्ठ्यांची पद्धतही शिकवली: चालू कामं, वाट बघणारी प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेखागारात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. येताना एसटीत बाजूच्या माणसाने किती वाजले विचारलं, तर मी त्याला लेखी अर्ज करायला सांगण्याच्या बेतात होतो.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. गठ्ठे बांधायला कापड हवं म्हणून बायकोकडे जुन्या साड्या मागितल्या. ती ऐकेना, तेव्हा तिची पाठ वळल्यावर मीच ट्रंकेतून सहा काढल्या. त्यातली एक जुनी नव्हती. तसं बघितलं तर कापड आणि कागद यांचं आमच्या भागात जुनं नातं. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) अख्खं पंचीकरण एका लांबलचक पासोडीवर लिहून काढलं. कापड एक, मजकूर त्याच्यावरच. सुटा कागदच नाही तर हरवणार काय? ती पासोडी चार शतकं टिकली. माझ्या साड्यांनी दिवाळीसुद्धा बघितली नाही.

मदतीला कॉलेजात जाणारा पुतण्या घेतला. पोरगं आज्ञाधारक, आणि तिथेच घात झाला. त्याला तिसऱ्या गठ्ठ्याची चिठ्ठी दिली: ‘नियतकालिके’. दप्तराच्या भाषेत याचा अर्थ ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं. पण हे वाचनालय. त्याने वाचकांच्या टेबलावरचे ‘किशोर’चे आणि ‘लोकराज्य’चे सगळे अंक उचलून लाल साडीत करकचून बांधले, वर माझ्याकडून शाबासकी घेतली. पुढे पोरं ‘किशोर’ मागायला आली की मामा त्यांना माझ्याकडे पाठवायचे, आणि मी सांगायचो, “ते अभिलेखात आहे.” पोरं मोठ्या आदराने निघून जायची. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. मी भरपूर वाचवला. काही मिळतच नसल्यामुळे वाचक लवकर घरी जात होते.

मग मुदतीचा प्रश्न आला. सरकारी वर्गवारीत ‘अ’ कागद कायमचा, ‘ब’ 30 वर्षांचा, ‘क’ 10, ‘क-1’ 5, आणि ‘ड’ म्हणजे वर्षभरात निकाली काढायचा. मी ठळक अक्षरांत पाटी लावली: ‘ज्या कागदावर ड असेल तो सहाव्या गठ्ठ्यात टाकावा.’ आता गंमत बघा. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा, आणि सरकार मान्यताप्राप्त वाचनालयांनाही अ, ब, क, ड असाच दर्जा देतं. आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं. ते आमच्या शिक्क्यातच कोरलेलं. आणि तो शिक्का, बिनशिक्क्याचा कागद म्हणजे कागदच नव्हे या माझ्या तत्त्वानुसार, झाडून सगळ्या कागदांवर मारलेला. मान्यतेचं पत्र, जमाखर्च, प्रोसिडिंग, दाखल नोंदवही, सगळं सहाव्या गठ्ठ्यात. कुठल्या गठ्ठ्यात काय आहे याची मी रात्री जागून यादी केली होती. तिच्यावरही शिक्का होता.

मला पत्ताच नाही. पाच गठ्ठे एवढे सडपातळ बघून मला वाटलं, वर्गवारी नेमकी झाली की पसारा आटोपतो. सहावा मात्र गरोदर म्हशीसारखा फुगलेला. मामांना म्हटलं, “तपासणीच्या आत एवढा जाळून टाका.” मामा म्हणाले, “व्हय गुर्जी.” मराठवाड्यात या होकाराचे अर्थ पुष्कळ असतात.

मधल्या काळात माहिती पोचवण्याचं कामही मी हाती घेतलं. व्हॉट्सॲपवर कार्यकारिणीचा गट काढला. त्यात सुप्रभाताची फुलं आणि वाढदिवसाचे केक इतके साचले की सूचना दिसेना, म्हणून ‘फक्त सूचना’ नावाचा दुसरा काढला. तपासणीच्या आधी सभा बोलावली: ‘सर्व सदस्यांनी वेळेवर उपस्थित राहावे, गैरहजर राहिल्यास सदस्यत्व रद्द समजावे.’ बोट घसरलं आणि नोटीस गेली सासरवाडीच्या गटावर. सभेला कार्यकारिणीचं कुणी आलं नाही. परळीहून मेव्हणे आले, तेही रागारागाने. गणपूर्ती त्यांनी केली. चहा बायकोने केला, पण माझ्याशी बोलली नाही. साड्यांचा हिशेब त्याच दिवशी लागला होता.

तपासणीला साहेब आले. मी हौसेने पहिला गठ्ठा सोडला. आत काही नव्हतं. मी म्हटलं, “म्हणजे काम शिल्लक नाही, साहेब.” दुसरा रिकामा: कुणाचं काही अडलेलं नाही. तिसऱ्यातून ‘किशोर’ निघाला. साहेबांनी तो चाळला, एक कोडं सोडवलं आणि शांतपणे विचारलं, “दाखल नोंदवही?” मी यादी शोधू लागलो. मग यादी कुठे ठेवली हे शोधू लागलो. आणि मग पाटीवरच्या ‘ड’कडे आणि टेबलावरच्या शिक्क्याकडे एकाच वेळी नजर गेली, नि मी खुर्चीत बसलो. खुर्चीची उशीही नव्हती. ती मीच शिस्तीसाठी काढायला लावली होती.

आमच्या धर्मापुरीच्या किल्ल्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड जिथे बसले तिथे बसवलेले दिसतात. माझंही दप्तर त्याच शास्त्राने रचलेलं. फरक एवढाच, की तट उभा राहिला.

तेवढ्यात मामा घरी जाऊन सायकलवर सहावा गठ्ठा घेऊन आले. ज्वारीच्या कोठीत ठेवला होता म्हणे. मला बाजूला घेऊन म्हणाले, “गुर्जी, निजामाच्या टायमाचा एकेक कागद हुडकायला सायेब लोक हैदराबादपोत्तर गेले, आन् तुमी मागल्या साली लिव्हल्याला जाळाया लावता व्हय?” खरंच होतं. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी मराठवाडाभर मोडी आणि उर्दू दप्तरं उपसली जात होती. कुठला कागद कुणाला कधी लागेल याचा धडा अख्ख्या मुलुखाने घेतला होता. प्रशिक्षण घेतलेला मी सोडून.

साहेबांनी एकेक नाव घेतलं आणि मामांनी एकेक कागद काढला. मग साहेब म्हणाले, “गुरुजी, मामा कायमचे पुरणार नाहीत. ते सांगतील तसं लिहून घ्या.” मी लिहायला बसलो, तेव्हा उमगलं: मामांनी कागद ठेवताना एकच विचार केला होता, हा मागायला कोण येणार आणि केव्हा. अनुदानाचं पत्र सारखं लागतं, म्हणून उशीखाली. बिलं मार्चअखेरीला, म्हणून वरच्या खणात. प्रोसिडिंग बुकावर सह्या घ्यायच्या तर सदस्य आधी घड्याळ बघतात, म्हणून घड्याळामागे. मी सगळी व्यवस्था ठेवणाऱ्याच्या समाधानासाठी लावली होती. शोधणारा माझ्या हिशेबात नव्हताच. आता ती यादी मामांच्याच शब्दांत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, आणि पुतण्यालासुद्धा तिच्यावरून कागद सापडतो.

पुढच्या सभेत कार्यकारिणीने एकमताने ठराव केला, की मानद सचिवांनी यापुढे संस्थेच्या कोणत्याही कागदास हात लावू नये. तो मात्र कुणीही, कधीही मागावा, तत्काळ मिळतो. मामा तो सदऱ्याच्या खिशात ठेवतात.