खाट सात, डीडी

हॉस्पिटलात माणूस दाखल झाला की त्याचं नाव जातं आणि खाटेचा नंबर येतो. मधुमेहवाल्यांना नंबरापुढे पदवीही मिळते. माझ्या पायात काटा रुतला, पाय सुजून लालबुंद झाला, डॉक्टर म्हणाले, "सेल्युलायटिस आहे, शुगरही वर आहे, ॲडमिट व्हा," आणि संध्याकाळपर्यंत जेवणाची ट्रॉली ढकलणाऱ्या मावशींच्या यादीत मी 'सात, डीडी' झालो. डीडी म्हणजे डायबेटिक डाएट. शेजारच्या आठ नंबरवरचे अण्णा 'डीडी, एसआर' होते, म्हणजे साखरेबरोबर मीठही गेलेलं. त्यांच्या ताटाकडे पाहिलं की मला आपण खाऊनपिऊन सुखी असल्यासारखं वाटे.

पहाटे सिस्टर बोटाला सुई टोचून एचजीटी, म्हणजे रक्तातली साखर, बघत. मग वॉर्डात एकच विषय. "तुमची किती?" "एकशे ऐंशी." "माझी दोनशे चाळीस." दहावीच्या निकालाच्या दिवशी वाड्यात चालायच्या तशाच या चौकशा, फक्त इथे ज्याला कमी मार्क तो ताठ मानेने दात घासायला जाई.

त्यानंतर चहा. साखर नाही, हे मान्य. पण साखरेबरोबर दूध, पत्ती आणि उष्णता यांनाही बंदी आहे, असा तिथल्या स्वयंपाकघराचा समज असावा. सोबत दोन मारी बिस्किटं. मधुमेह आणि मारी यांचं नातं आपल्याकडे कुणी जुळवलं, कोण जाणे. रशियाच्या झारची मुलगी मारिया १८७४ साली इंग्लंडच्या राणीची सून झाली, तेव्हा लंडनच्या पीक फ्रीन्सने तिच्या नावाने हे बिस्कीट काढलं. म्हणजे मूळचं लग्नातलं खाणं! पुड्यावरचे घटक मी चष्मा लावून वाचले. पहिला मैदा, दुसरी साखर. ही गोष्ट मी सिस्टरांना सांगितली. त्या म्हणाल्या, "काका, दोनच खायची," आणि पुडा कपाटात ठेवून निघून गेल्या.

दुपारच्या ताटात दोन फुलके, मुगाचं वरण, काकडीच्या चकत्या आणि दुधी. दुसऱ्या दिवशी दोडका, मग परत दुधी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या भाज्यांचीही नसावी, कारण त्या काही बोलण्याच्या स्थितीतच नसत. पण मधूनच एखाद्या दिवशी बटाट्याचा रस्सा आणि वर मूदभर पांढरा भात येई. १९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी कुठला पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने चढवतो याची यादी मांडली, तिच्यात बटाट्याचा नंबर साखरेच्याही वर लागतो. चहात चमचाभर साखर मागितली असती तर वॉर्डात धावपळ झाली असती. बटाटा मात्र झाकण लावून, रीतसर सही-शिक्क्यानिशी येत होता.

डाएटिशियन मुलगी गोड होती. (तेवढंच काय ते.) फाईल घेऊन येई आणि विचारी, "काका, एका वेळी भात किती खाता?"

"वाटीभर."

"केवढी वाटी?"

आता आमच्या घरात कोकणातून आलेली एक वाटी आहे, तिच्यात लहान मूल बसेल. मी हाताने मध्यमसा आकार दाखवला. शेजारी बसलेल्या आमच्या हिने माझे दोन्ही हात धरून बाजूला ओढले आणि म्हणाली, "एवढी." मुलीने हिचा आकार लिहून घेतला.

भेटायला येणाऱ्यांचं वेगळंच. प्रत्येक जण शहाळं आणी. "यात साखर नसते, नैसर्गिक असतं," असं म्हणून स्ट्रॉ खुपसून हातात देई. शहाळ्यातही साखर असते, हे पाहुण्याला सांगणं म्हणजे घरी आलेल्या माणसाचा अपमान. ती शहाळी हिने वॉर्डबॉयला देऊन टाकली. आठवडाभर तो पोरगा टवटवीत दिसत होता.

फक्त आमचा डॉक्टर भाचा हात हलवत आला. मी दुधीबद्दल रडगाणं सुरू करताच म्हणाला, "मामा, इन्सुलिन यायच्या आधी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन पेशंटना उपाशी ठेवून जगवायचे. साखर दिसली की अन्न आणखी कमी. एका मुलाची साखर काही केल्या उतरेना, तो पडून असायचा, बाहेरचं काही मिळायची सोय नव्हती. शेवटी कळलं, तो टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातल्या कॅनरीचे दाणे खात होता." त्या मुलाचं पुढे काय झालं हे मी विचारलं, आणि त्याने सांगितल्यावर दुधी निमूट संपवला.

मग ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं, आणि चित्र पालटलं. आमच्या वॉर्डात ते रोज दुपारी साडेबाराला येई. ते टोचल्यावर अर्ध्या तासाने जेवण पोटात गेलं पाहिजे, असा नेम. इन्सुलिन घड्याळ पाळतं. ट्रॉली लिफ्ट पाळते. एके दिवशी लिफ्ट बंद पडली.

सव्वा वाजता मला घाम फुटला. हात कापायला लागले. म्हटलं, "अण्णा, तुम्ही दोन-दोन दिसताय." अण्णा गडबडीने उठून बसले आणि "सिस्टर!" म्हणून असे ओरडले की खालची ट्रॉलीही दचकली असेल. सिस्टरांनी बोट टोचलं. अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली गेली की साखर द्यायची, हा नियम वॉर्डात सगळ्यांना पाठ. "ग्लुकोज आणते," म्हणून त्या पळाल्या.

आणि त्या मिनिटभरात मी जे पाहिलं त्यात हॉस्पिटलचं बारा हजारांचं बिल वसूल झालं. पाच नंबरच्या आजोबांनी उशीच्या अभ्र्यातून चिक्की काढली. सहा नंबरच्या मास्तरांच्या चष्म्याच्या घरात लिमलेटच्या गोळ्या निघाल्या. दहा नंबरच्या गृहस्थांनी भगवद्गीतेमागून गुळाचा खडा पुढे केला. आणि अण्णांनी, 'डीडी, एसआर' अण्णांनी, गादीखालून चौकोनी खोका ओढला. कंदी पेढे. साताऱ्याचे.

"घ्या हो," अण्णा म्हणाले. माणुसकीने त्यांचा आवाज दाटला होता.

तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी चिक्की पाहिली, गोळ्या पाहिल्या, गीता पाहिली, खोका पाहिला. मग माझ्या तोंडाला ग्लास लावला. "प्या काका, सगळं प्या. तीन चमचे आहेत." कालपर्यंत बिस्किटं मोजणारी बाई आज साखर प्या म्हणून विनवत होती! त्या पाण्याइतकं गोड मी आयुष्यात काही प्यायलो नाही.

"पेढा देऊ का यांना?" अण्णांनी विचारलं.

"पेढा नको. त्यात खवा, स्निग्ध असतो, साखर उशिरा चढते," सिस्टर म्हणाल्या, आणि खोका काखेत मारला.

पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं. शहाण्णव. ट्रॉली आली. त्यात दोडका होता. संध्याकाळी झडती झाली, गाद्या झटकल्या गेल्या. नंतरच्या पहाटे वॉर्डातले सगळे आकडे एकदम खाली आले. मोठे डॉक्टर राउंडला खूश झाले, आणि औषधाचा डोस अखेर लागू पडला म्हणाले.

अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा ट्रॉलीला उशीर झाला. पाऊण वाजला, एक वाजला. अण्णा कुशीवर वळले आणि माझ्याकडे निरखून बघत, अगदी आशेने म्हणाले, "घाम-बीम येतोय का काही? आला तर सिस्टरांना म्हणावं, ग्लासात थोडं जास्तच करा."