मेस लावली, मेस झाला

पुण्यात शिकायला आलेला मुलगा आधी मेस लावतो आणि सेमिस्टरच्या शेवटी घरी फोन करून 'सगळा मेस झालाय' असं सांगतो. पहिली मेस स्त्रीलिंगी, पोळीभाजी वाढणारी. दुसरा पुल्लिंगी, नापास करणारा. शब्द एकच, आणि वयाने थोरली पोळीभाजीवालीच.

लॅटिनमध्ये 'मिसस' म्हणजे पाठवलेलं. मुदपाकखान्यातून पानावर पाठवलेला पदार्थ, तो फ्रेंचांच्या मार्गे इंग्रजीत आला. बायबलमधल्या एसावाने थोरलेपणाचा हक्क ज्या वाडगाभर मसुराच्या आमटीवर विकला, तिलाही इंग्रज मेसच म्हणतात. (फोडणी जबरदस्त असणार.) पुढे एकत्र जेवणारी पंगतही मेस झाली, लंडनच्या इन्स ऑफ कोर्टात चार-चार वकिलांच्या अशा मेस आजही बसतात. मग जनावरांपुढच्या कालवलेल्या आंबोणाला हाच शब्द चिकटला आणि एकोणिसाव्या शतकात त्या कालवाकालवीतून पसारा नि घोळ हा अर्थ वर आला. गोठ्यातून दिवाणखान्यात, म्हणायचं.

फौजेने हे मनावर घेतलं नाही. खडकवासल्याला एनडीएत दोन हजारांवर कॅडेट एका वेळी शिस्तीत जेवतात, त्या जागेचं नाव मेस! सदाशिव पेठेत मेस चालवणाऱ्या काकूंचीही शिस्त काही कमी नाही. आधी सांगितलं नाही तर खाडा धरत नाहीत, आणि रविवारी फीस्ट असली की संध्याकाळी चूल बंद.

तरीही आपल्या बोलण्यात रुळला तो दुसरा, घोळवाला मेसच. मराठीत पसारा, राडा, सावळागोंधळ, बजबजपुरी, उकिरडा असे एकाहून एक सरस शब्द पडून आहेत. पण त्यांची एक अडचण आहे. पसारा म्हटलं की 'कोणी केला?' हा प्रश्न दारात उभाच. मेस आपोआप होतो, पावसासारखा. ब्रिटनमधली सरकारंसुद्धा खुर्चीवर बसली की पहिल्यांदा हेच सांगतात, आधीच्यांचा मेस आमच्या गळ्यात पडला. आपल्या ऑफिसातला मेल त्याहून चतुर असतो: 'थोडा मेस झालाय, बघून घ्या.' कोणी केला, हे त्यात कुठेच नसतं. काकूंच्या वहीत निदान खाडे तरी नावानिशी लिहिलेले असतात.