पन्नास लाखांचा स्वल्पविराम

इंग्रजी यादीत शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावरून इंग्रजीचे पंडित हमरीतुमरीवर येतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी याच वादातून पगार काढला.

ओव्हरटाइम कोणत्या कामांना नाही, याची यादी तिथल्या कायद्यात होती: डबाबंद करणं, सुकवणं, साठवणं वगैरे, आणि शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. डेअरी म्हणाली, डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम. तुम्ही तेच करता, तेव्हा ओव्हरटाइम विसरा. ड्रायव्हर म्हणाले, वेगळं असेल तर ‘शिपमेंट’पुढचा स्वल्पविराम दाखवा. तो नाही, म्हणजे दोन्हीकडे पॅकिंगच; आणि आम्ही खोकी भरत नाही, पोचवतो. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने हा कायदा संदिग्ध ठरवून कौल ड्रायव्हरांना दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

खरी गंमत पुढेच आहे. तो स्वल्पविराम देऊ नका, असं मेनच्याच मसुदा-पुस्तिकेत बजावलेलं होतं! म्हणजे कारकून निर्दोष. मग विधिमंडळाने तो स्वल्पविराम घातला? छे, यादीभर अर्धविराम ठोकले.

ब्रिटनमध्ये २०२० साली ब्रेक्झिटच्या ५० पेन्सच्या नाण्यावर हा स्वल्पविराम नाही म्हणून लेखक फिलिप पुलमन यांनी बहिष्काराची हाक दिली. २०२२ मध्ये आरोग्यमंत्री झालेल्या थेरेस कॉफी यांच्या कार्यालयातून उलटा निरोप निघाला: तो स्वल्पविराम टाळा. इंग्लंडमधली उपचारांची प्रतीक्षायादी तेव्हा सत्तर लाखांच्या घरात होती. यादी आटोपशीर करायला कुठून तरी सुरुवात हवीच ना.