अभयभक्त नाना

घरपट्टीचं बिल आलं की आमच्यासारखी माणसं 31 मेच्या आत धावतपळत जाऊन ते भरतात, सर्वसाधारण करातली पाच-दहा टक्के सूट पदरात पाडून घेतात आणि दिवसभर भेटेल त्याला ती सूट सांगत सुटतात. आमचे नाना बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर किराण्याची यादी करतात.

"भरायची घाई कसली? अभय योजना येतेच आहे!"

पुणे महापालिका थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लावते, म्हणजे वर्षाला 24. सावकारानेही जीभ चावावी असा दर. नाना मात्र निवांत. शास्ती ही भरायची नसतेच, ती माफ व्हायची असते, असं त्यांचं अर्थशास्त्र. 2020च्या ऑक्टोबरात पालिकेने अभय योजनेत शास्तीत 80 टक्के माफी जाहीर केली तेव्हा त्यांनी वाड्यात पेढे वाटले. "घ्या, वेळेवर भरणारे," म्हणत एक मलाही दिला. मी खाल्ला. काय करणार?

पण नाना अडाणी नाहीत, हीच तर पंचाईत आहे. बिल नाकासमोर धरून ते तांबड्या पेनने एकेका रकान्याला टोचतात. "हा बघ शिक्षण कर. वसूल करते पालिका, जातो राज्याच्या तिजोरीत. माझ्या गाळ्याच्या बिलात रोजगार हमीचा कर आहे, तोही तिकडेच. शिव्या खायला पालिका, खर्चायला मंत्रालय!"

करांबद्दल नानांचा सिद्धांत एकच: जो ओरडतो त्याचा कर उतरतो. पुरावे तोंडपाठ. पुण्यात 2013च्या एप्रिलात जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, व्यापाऱ्यांनी शटरं ओढली आणि 2015च्या ऑगस्टात 50 कोटींच्या आतली उलाढाल असलेले सगळे सुटले. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफी 2022च्या जानेवारीत मिळाली, महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना. स्वतःच्या घरात राहणाऱ्या पुणेकराची 1970पासूनची 40 टक्के सवलत सरकारने काढून घेतली होती. 2023च्या मार्चात कसब्याच्या पोटनिवडणुकीत सत्ताधारी हरले आणि एप्रिलात मंत्रिमंडळाने ती परत दिली. "योगायोग हो!" असं म्हणून नाना डोळा मारतात.

ओरडायची सोय नसते ती पेट्रोल पंपावर, आणि तिथे नाना हळवे होतात. 2015मध्ये दुष्काळासाठी म्हणून राज्याने लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला. 2017मध्ये न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूची दुकानं बंद झाली, तेव्हा बुडालेला महसूलही पेट्रोलच्याच माथी मारला. "आयुष्यात थेंब घेतला नाही मी," नाना छातीवर हात ठेवून सांगतात, "पण दारूचा कर भरला. स्कूटरच्या टाकीतून!" इथे मात्र मला त्यांच्या बाजूने मान डोलवावीच लागते.

मार्च 2022मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबतच गेली, तेव्हा नाना सैरभैर झाले. मतं मागायला कोणी येईना, मग माफी मागायची कुणाकडे? त्याच काळात एकदा पालिकेचं बँडपथक गाळ्यासमोर वाजवायला उभं राहिलं. दुसरा कुणी मागच्या दाराने पळाला असता. नानांनी निरीक्षकाला खुर्ची दिली, वाजवणाऱ्यांना चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, "या बँडचं बिल कुठल्या खात्यातून देता?"

निरीक्षकाने चहा संपवला आणि नोटीस हातात ठेवली.

नानांचं ऐकून तुम्ही बिलाच्या पाठीवर यादी करायला बसणार असाल, तर नानींनी मला जिन्यात गाठून सांगितलेलं आधी ऐका. अभय योजनेत मूळ कराचा एक पैसाही सुटत नाही. 2020 साली सगळी थकबाकी आणि वर 20 टक्के शास्ती नानांनी मुकाट्याने भरली होती, आणि त्यासाठी नानींची मुदतठेव मोडली होती.