परतभेट

मिरजकरांना पाणी माहीत ते कृष्णेचं. ती घाट सोडून घरात शिरते तेव्हाचंही. 2019 च्या महापुरात नौदलाचे जवान बोटी घेऊन सांगली-कोल्हापुरात उतरले, आणि तेव्हापासून अण्णांना एकच टोचणी: ‘‘ती माणसं आपल्याकडं येऊन गेली. आपण एकदाबी गेलो न्हाई. बरं दिसतंय व्हय?’’

शेवटी अण्णा, तात्या आणि मी रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबईला निघालो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून अण्णांनी नौदलासाठी भडंग घेतला होता. तो किर्लोस्करवाडीच्या आतच संपला.

सकाळी नौदल गोदीच्या लायन गेटजवळ पोचलो. वाहनांच्या वर्दळीत एक धातूचं शिल्प उभं.

‘‘विक्रांत कुठाय?’’ अण्णा.

‘‘हीच.’’

‘‘एवढीशी?’’

213 मीटर लांबीची विमानवाहू नौका. 1961 साली नौदलात आली, 1971 च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर मारा केला. 1997 साली निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून मुंबईतच उभी होती, आणि 2014 साली भंगारात निघून तिथल्याच दारूखाना भागात तिचे तुकडे झाले. त्यातल्याच धातूचं हे स्मारक, 2016 चं. आम्ही उशिरा पोचलो होतो, एवढंच.

तात्यांनी घसा खाकरला. ‘‘थोडी माझ्याकडंबी हाय.’’ ते खोटं नव्हतं. बजाजनं विक्रांतचा धातू वापरून 2016 साली ‘व्ही’ मोटरसायकल काढली, आणि तात्यांची ती गाडी त्या वेळी मिरज स्टेशनबाहेर उभी होती.

‘‘मग लेका, इथवर कशाला आणलास?’’

तिथून कूपरेजला, 1946 च्या नाविकांच्या उठावाचं स्मारक बघायला. 18 फेब्रुवारीला ‘तलवार’वर ठिणगी पडली. ‘तलवार’ तरी जहाज असेल, अशी अण्णांना आशा. ती निघाली किनाऱ्यावरची सिग्नल शाळा! तक्रारींत एक निकृष्ट जेवणाची होती. तिथून सुरू झालेलं लोण कराचीपर्यंत गेलं आणि इंग्रज हादरला. अण्णांनी तीस वर्षं कचेरीच्या कँटीनमधलं निमूटपणे खाल्लंय. ते त्या स्मारकापुढून बराच वेळ हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिरजेत उतरलो. व्ही चालू होईना. पुतण्यानं आदल्या दिवशी पेट्रोल संपवून गाडी होती तिथं आणून लावली होती. तात्या कप्तान, म्हणून ते वर बसले. अण्णा आणि मी मागून ढकलू लागलो.

चहाच्या गाडीवरून कुणीतरी विचारलं, ‘‘काय करालाईसा, अण्णा?’’

‘‘विक्रांत पंपाला लावालोय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘हात लाव की!’’